निमखेडचं वळण

वाइसचा दांडा रंगनाथ साबळेनं स्वतः फिरवला. बरोबर दोन माणसं होती. एकानं माझे खांदे दाबून धरले होते, दुसऱ्यानं मनगट. पण दांडा त्यानं त्यांच्या हाती दिला नाही. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्या शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात होती. रविवार होता, सकाळचे साडेनऊ. शाळेच्या हस्तकलेच्या खोलीत खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं आणि पटांगणावर विटीदांडूचा डाव रंगला होता.

"मास्तर, मी काही वाईट मागत नाही," साबळे म्हणाला. "वळण गोड करा, एवढंच मागतोय. तुम्हीच पोरांना शिकवता ना, वळण कसं असावं ते? मग तसं करा."

मी नाही म्हणालो. त्यानं पाव फेरा दिला. मी पुन्हा नाही म्हणालो, पण या वेळी आवाज फुटला नाही. तिसऱ्या पाव फेऱ्याला करंगळीचं हाड मोडलं. ते मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. माझं तोंड एकानं रुमालानं दाबलं होतं. साबळेनं वाकून माझ्या कानाशी शांतपणे सांगितलं, की अजून आठ बोटं आहेत आणि घाई कुणालाच नाही. शिवाय माझी बायको प्रमिला रोज कालव्याच्या वाटेनं एकटीच पाण्याला जाते, हे त्याला ठाऊक आहे.

मी मान हलवली. करतो म्हणालो.

ही १९७४ ची गोष्ट. मी चौतीस वर्षांचा होतो, निमखेडच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. साबळे निमखेड साखर कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. कारखान्याची स्वतःची बारकी रेल्वे होती. दोन फुटी रूळ, ठेंगणं डिझेल इंजिन आणि मागं उसाच्या वाघिणी. त्या रेल्वेचं मला वेड होतं. हस्तकलेच्या खोलीत चौदा फुटी टेबलावर मी तिची प्रतिकृती करत आणली होती, फुटाला अर्धा इंच या मापानं. आम्ही दहिवाळ, जातीनं सोनार. तार ओढणं, सांध्याला डाग देणं हे लहानपणापासून हातात होतं. रूळ मी पितळेच्या तारेचे केले होते. इंजिनात छोटी मोटर होती, तिला दाराच्या घंटीचे मोठे सेल, आणि वेग कमीजास्त करायला एक सरकता दांडा. त्यावर एक ते दहा आकडे कोरले होते.

गाडी पळायची, पण वळणाला लागली की वाघिणी रुळावरून उतरायच्या. वळण गोल, मोजून मापून काढलेलं, तरी उतरायच्या. त्याचं कारण मला दाखवलं ते कारखान्याच्या खऱ्या गाडीचा ड्रायव्हर कासमभाई तांबोळी यानं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. संध्याकाळी पाळी संपली की खोलीत येऊन स्टुलावर बसायचा. त्यानं माझं बोट धरून रुळावरून फिरवलं आणि सरळ रूळ संपून गोल रूळ सुरू होतो तिथं थांबवलं. "इथं दचकते ती," तो म्हणाला. "गाडीला वळणाची खबर आधी द्यावी लागते मास्तर, एकदम नाही."

मग मला उमगलं. सरळ तारेला बांगडीचा तुकडा जोडला तर डाग कितीही साफ बसवा, अंगठ्याला सांधा लागतोच. यावर उपाय सोपा निघाला. गोल भाग सरळ रेघेपासून अर्धा इंच आत सरकवायचा, मग बांबूची लवचिक कामटी एका टोकाला सरळ रेघेवर आणि दुसऱ्या टोकाला गोलावर दाबायची आणि मध्ये मोकळी सोडायची. ती आपण होऊन जो आकार घेते, तो सांधा. त्यात वळण कुठं सुरू झालं ते गाडीला कळत नाही. ७३ साली आम्ही दोघांनी टेबलावरची सगळी वळणं कामटी लावून पुन्हा केली. गाडी सुटली की मी आधी कासमभाईकडं बघायचो. त्यानं मान हलवली की झालं.

जानेवारीत खरी गाडी पडली.

रिकाम्या वाघिणी फडावर निघाल्या होत्या. ऊसतोडीच्या बायका आणि पोरं त्यांत बसून जायची, कुणी अडवत नसे. सहाव्या मैलाला पूर्वी रूळ सरळ होता. आदल्या वर्षी तिथं एका संचालकाची विहीर खोदायची ठरली, म्हणून रूळ विहिरीला वळसा घालून नेला होता. त्या वळणावर तीन वाघिणी बाहेरच्या अंगाला उडाल्या आणि कालव्याच्या दगडी उतारावर आपटल्या. शाळा अर्ध्या मैलावर. आवाज ऐकून आम्ही धावलो.

पहिल्यांदा मी एक हात बघितला, बांगड्यांसकट, नुसता. पुढं एक लहान मूल उताराच्या दगडांवर उताणं पडलं होतं, डोकं पाण्यात. माणसं ओरडत नव्हती, कण्हत होती. एका वाघिणीखाली गिरिजा सानप नावाची तरुण बाई कमरेपासून दबली होती. शुद्धीवर होती, पाणी मागत होती. तिचा नवरा दगडू आणि मी एकच पहार धरून वाघीण उचलली. भार हलला तसं तिचं रक्त एकदम सुटलं. आम्ही बघत असताना ती गेली. दगडूनं पहार खाली टाकली नाही, बराच वेळ तशीच उचलून धरून उभा राहिला. मला त्याच्या हातातून ती सोडवावी लागली.

नऊ मेले. पाच बायका, तीन पोरं, एक म्हातारा. कासमभाईचा डावा पाय इंजिनाच्या पायरीखाली चिरडला होता. दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापला.

तिसऱ्या दिवसापर्यंत ऊसतोड्यांच्या तळावर बातमी पसरली, की ड्रायव्हर दारू पिऊन होता आणि त्यानं गाडी तिप्पट वेगानं नेली. कासमभाईनं उभ्या जन्मात दारू घेतली नव्हती. मी त्याचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो होतो, तेवढ्यात दहाबारा ऊसतोडे आत घुसले. पुढं दगडू होता. त्यानं कासमभाईला कापलेल्या पायाला धरून खाटेवरून ओढलं. पट्ट्या सुटल्या, फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला. लाथा, सलाईनचा लोखंडी खांब, जे हाताला लागेल ते. मी भिंतीला चिकटून उभा होतो, हातात डबा तसाच. पोलीस आले म्हणून तो वाचला. माझ्यामुळं नाही.

प्रांतसाहेबांपुढं चौकशी लागली. कासमभाईचे वकील भोपे माझ्याकडं आले आणि म्हणाले, ते वळण टेबलावर जसंच्या तसं करून दाखवता येईल का? मी एका दुपारी जाऊन मोजलं. वीस फुटांची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणायची, मधोमध दोरी आणि रूळ यांतलं अंतर घ्यायचं आणि दहा फूट पुढं सरकायचं. चांगल्या वळणाचे आकडे हळूहळू वाढतात. शून्य, अर्धा, एक, दीड असे. इथं आले शून्य, शून्य, अडीच आणि लगेच पाच इंच. सरळ रुळाला गोल रूळ ठोकून दिला होता, मध्ये काही नाही. सांधे घट्ट होते तोवर गाडी वर्षभर निभावून गेली, हेच नवल होतं.

टेबलावर मी तसंच वळण केलं. दांडा तीनवर असेपर्यंत गाडी निघून जायची. चारवर, म्हणजे कासमभाईच्या रोजच्या वेगाला, तिसरी वाघीण बाहेर उडायची. वीस वेळा सोडली, वीस वेळा उडाली. हे मी शनिवारी भोपे वकिलांना सांगितलं, आणि कुणीतरी कारखान्यात सांगितलं. दुसऱ्या सकाळी साबळे आला.

जाता जाता तो आणखी एक सांगून गेला. सोमवार-मंगळवारी कारखान्याची माणसं जागेवरचं वळणही बदलणार होती, म्हणजे प्रांतसाहेबांनी बघितलंच तर टेबलावरचं आणि जमिनीवरचं सारखं दिसेल. गुरुवारी तारीख होती.

प्रमिलेला मी सांगितलं, काम करताना बोटं सापडली. डॉक्टरांनी करंगळी अर्ध्यातून काढली. शेजारचं बोट राहिलं, पण ते पुन्हा कधी वाकलं नाही. रविवार संध्याकाळपासून मी डाव्या हातानं कामाला लागलो. जुने रूळ उपटले, गोल आत सरकवला, कामटी लावली. खरं सांगायचं, तर ते तीन दिवस मला लाज वाटली नाही. हात ठणकत होता, पण मन कामात पूर्ण बुडालं होतं. बाहेरच्या रुळाची उंचीसुद्धा मी कागदाचे पापुद्रे एकावर एक चिकटवून केसाकेसानं वाढवत नेली. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं वळण. ते कशासाठी करतोय हे मी तासन् तास विसरत होतो. आठवलं की जास्त बारकाईनं करत होतो.

टेबल हलवता येण्याजोगं नव्हतं म्हणून चौकशी शाळेतच भरली. प्रांत नवाथेसाहेब खुर्चीवर, त्यांचा कारकून, दोन्ही वकील आणि भिंतीशी बाकावर कासमभाई, दोन कुबड्या मांडीवर आडव्या. साबळे दाराशी उभा. खिडक्यांच्या गजांना ऊसतोडे लगडले होते. फडावरून तसेच आले होते, कोयते कमरेला.

कारखान्याच्या वकिलांनी आधी माझ्या कामाचं तोंडभर कौतुक केलं. अशी हुबेहूब प्रतिकृती त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. मग मी गाडी सोडली. दोनवर गेली. चारवर गेली. वाघिणी वळणात शिरल्या आणि बाहेर पडल्या, रुळावर बोट ठेवलं असतं तर थरथरही लागली नसती. भोपे वकील माझ्याकडं बघत राहिले. कारखान्याचे वकील म्हणाले, रोजच्या वेगाला वळणात दोष नाही हे सिद्धच झालं. गाडी पडली ती ड्रायव्हरनं बेफाम हाकली म्हणून. खिडकीतून कुणीतरी कासमभाईला आईवरून शिवी दिली.

मी टेबलावरचा सेलचा डबा उगाच सारखा करत होतो.

"मास्तर, जोरात सोडा," कासमभाई म्हणाला.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. तो प्रांतसाहेबांकडं वळून म्हणाला, की मी दारू पिऊन तिप्पट वेगानं नेली म्हणतात, तर तशी नेऊन बघू द्या. साहेबांनी मला खूण केली. मी दांडा दहावर नेला. गाडी गरगर फिरून आली. पडली नाही.

"अजून दोन सेल लावा."

मी लावले. डाव्या हाताला वेळ लागला. गाडी सुटली ती डोळ्याला नीट दिसेना, नुसती रेघ. वळणात शिरली, निघाली, पुन्हा आली. सहा फेऱ्या झाल्या. मोटर जळाल्याचा वास यायला लागला तेव्हा साहेबांनीच बंद करायला सांगितलं.

कासमभाई कुबडीवर उठला. "साहेब, ह्या रुळावरून मी कितीबी पळवली असती तरी पडली नसती. मग नऊ माणसं मेली ती कोणत्या रुळावरून?"

नवाथेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. विचारलं, हे वळण जागेवरचंच आहे ना? दाराशी साबळे होता. माझा पट्टी बांधलेला हात टेबलाखाली होता. मी म्हणालो, "आज जागेवर जे आहे, ते हेच."

साहेबांनी 'आज' हा शब्द कारकुनाला लिहून घ्यायला सांगितला आणि जीप मागवली.

सहाव्या मैलाला सगळा गाव लोटला. नवं वळण ताज्या पिवळ्या मुरुमावर चकचकत होतं आणि त्याला लागून जुन्या वाटेचे डाग जमिनीत तसेच होते, स्लीपरांचे खड्डे, तेलाचे ओघळ. साहेबांनी रूळकाम्यांच्या मुकादमाला विचारलं. तो बिचारा म्हणाला, सोमवारी सुरू केलं, मंगळवारी संपलं. मग साहेबांनी मला जुन्या खड्ड्यांच्या कडेनं दोरी लावायला सांगितली. दोरीचं एक टोक मी धरलं, दुसरं हवालदारानं, मध्ये कारकून पट्टी घेऊन बसला. तो आकडा सांगायचा, मी मोठ्यानं म्हणायचो. शून्य. शून्य. अडीच. पाच.

कुणाच्या हुकमावरून बदललं, साहेबांनी विचारलं. मुकादमानं साबळेकडं बोट केलं.

दगडू सानप माझ्यापासून चार हातांवर होता. तो ओरडला नाही, धावलाही नाही. चालत गेला, कमरेचा कोयता काढला आणि साबळेच्या मानेत आणि खांद्यात घातला, ऊस बुडातून तोडतात तसा, तिरका. साबळेनं हात वर केला. दुसरा घाव त्या हातावर बसला, तिसरा तोंडावर. तो नव्या रुळांवर आडवा पडला. पाय झाडत होता आणि त्याच्या टाचा स्लीपरवर आपटत होत्या, ठक ठक ठक, मग थांबल्या. पोलिसांनी दगडूला बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपलं. त्याचे पुढचे दात मुरुमात पडले. त्यानं हातसुद्धा आडवा धरला नाही. बायका किंचाळत कालव्याकडं पळाल्या, हवालदारानं टोक सोडलं होतं आणि मी मात्र दोरी ताणूनच उभा होतो.

कासमभाई सुटला. ते वळण बसवणाऱ्या ओव्हरसियरची नोकरी गेली, विहिरीच्या संचालकाला कुणी हात लावला नाही. दगडूला जन्मठेप झाली. साबळेला दोन मुली होत्या. त्या आईबरोबर गाव सोडून गेल्या.

आणि माझा सत्कार झाला. भाषणांत सगळे म्हणाले: दहिवाळ मास्तरांनी बोट तुटेपर्यंत छळ सोसला, वरवर शत्रूचं ऐकलं आणि असं वळण करून दिलं, की शत्रू आपल्याच मागणीत अडकला. वर 'आज' या एका शब्दात सगळं सांगून टाकलं. बोटाचं खरं कारण भोपे वकिलांनी शोधून काढलं होतं. अध्यक्षांनी माझा हात धरून लोकांना उंच करून दाखवला. टाळ्या पडल्या. प्रमिला पदरानं डोळे पुसत होती. मी शाल पांघरून बसलो होतो. एकही शब्द बोललो नाही, लोकांना तो विनय वाटला.

आठ वर्षं मी ते अंगावर वागवलं. कासमभाईनं एसटी स्टँडसमोर पानाची टपरी टाकली होती. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, की माझ्या डोक्यात डाव वगैरे काही नव्हता. मी तुला विकलं होतं. आणि 'आज' म्हणालो ते अशासाठी, की पुढं खोटं ठरू नये आणि साबळेही खवळू नये.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

कधीपासून, मी विचारलं.

"तुम्ही गाडी सोडली तेव्हापासून. रोज माझ्याकडं बघायचात. त्या दिवशी नाही बघितलं." त्यानं पानाला चुना लावला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणून मग मीच गाडीकडं बघत राहिलो. म्हटलं, मास्तर गेला, पण त्यानं केलेला रूळ तर समोर आहे. बघू काय बोलतो."

मी म्हणालो, मग इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीस?

"मला राग आला नव्हता असं नाही. पण माझं काम झालं होतं, मी सुटलो होतो." पान त्यानं तसंच फडक्यावर ठेवलं. "मला कशाला सांगता? दगडूला सांगा. रविवारी तुमची बोटं मोडली. सोमवारी प्रांतांकडं जाऊन हात दाखवला असता, तर गुरुवारी साबळे कोठडीत असता. दगडूच्या कोयत्याला सापडला नसता."

हे मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

मी तुरुंगात भेटीची चिठ्ठी टाकली. दगडू जाळीपलीकडं येऊन बसला. अंगानं सुकला होता, पुढचे दात नव्हते. त्यानं मला ओळखलं आणि हात जोडले. त्यानं हात जोडले हे मला सोसलं नाही. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, वाइस, साबळेची धमकी, सोमवार, मंगळवार, बुधवार. प्रांतसाहेबांचं ऑफिस शाळेपासून एसटीनं तासाभरावर होतं, हेही सांगितलं. भेटीची वीस मिनिटं होती. त्यातली अर्धी उरली असताना तो उठला आणि आत निघून गेला.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो. तो आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जात राहिलो. शिपाई सांगायचा, येत नाही म्हणतोय, जावा मास्तर. मी वीस मिनिटं जाळीसमोर बसायचो आणि एसटी पकडायचो. असं सव्वादोन वर्षं चाललं.

एका शनिवारी तो आला. समोर बसला. मी तोंड उघडलं तसा त्यानं पंजा वर केला.

"बोलू नका," तो म्हणाला. "बसा नुसतं."

घंटा होईपर्यंत आम्ही बसलो. उठताना त्यानं विचारलं, पुढल्या महिन्यात याल ना? मी येतो म्हणालो.